मिरवणूक कुणाची? दक्षिण अमेरिकेतील कार्निव्हलचा हिशेब

राखेच्या बुधवारी गोव्यातील कार्निव्हल संपलेला असतो. पणजीच्या रस्त्यांवरचे कठडे उचलले जातात, चित्ररथांचे सांगाडे सुटे होतात, किंग मोमोचा मुकुट पुढच्या वर्षापर्यंत बाजूला ठेवला जातो आणि कपाळावर राखेचा क्रूस घेऊन श्रद्धाळू उपवासकाळात प्रवेश करतात. त्याच बुधवारी दुपारी ब्राझीलमधील रिओ द जानेरो शहर मात्र दूरचित्रवाणी संचासमोर खिळून बसलेले असते. परीक्षकांची बंद पाकिटे एकामागून एक फोडली जातात. सांबा शाळेचे नाव उच्चारले जाते आणि मागोमाग गुण : दहा, नऊ पूर्णांक नऊ, पुन्हा दहा. एक दशांश गुणाने कुणाचे विजेतेपद हुकते, तर एक दशांश गुणाने कुणी खालच्या श्रेणीत ढकलले जाते. आपल्याकडे मतमोजणीच्या दिवशी जी उत्कंठा असते, ती तेथे या गुणवाचनाला असते. ज्या वस्तीची शाळा जिंकते तेथे रात्रभर ढोल थांबत नाहीत. ज्या वस्तीची शाळा घसरते तेथे मोठी माणसे उघड रडतात.

कार्निव्हल म्हणजे चार दिवसांची मौजमजा, असे समजणाऱ्याला हा प्रकार कोड्यात टाकणारा आहे. केवळ मौजेसाठी कुणी रडत नाही. त्या अश्रूंमागे वर्षभराचे श्रम असतात आणि वस्तीचा मान पणाला लागलेला असतो. रिओच्या कार्निव्हलची छायाचित्रे जगभर छापली जातात, पण त्यांत दिसतात ती पिसे, झगमगाट आणि नर्तकी. त्यामागची संस्था दिसत नाही. गोव्यात दरवर्षी कार्निव्हलच्या तोंडावर 'हा सण कुणाचा, सरकारचा की लोकांचा' हा वाद नव्याने उभा राहतो. म्हणूनच ती न दिसणारी संस्था समजून घेणे गोव्यातील वाचकाच्या कामाचे ठरावे.

नाव एक, वाटा दोन

कोकणीत कार्निव्हलला 'इंत्रूज' म्हणतात. या शब्दाचे मूळ पोर्तुगीज 'एंत्रुदो'मध्ये आहे आणि त्याचा अर्थ प्रवेश, म्हणजे उपवासकाळाचा प्रवेश. पोर्तुगीजांनी हा सण मांडवीकाठी आणला, तसाच अटलांटिक महासागरापलीकडे ब्राझीललाही नेला. रिओच्या जुन्या एंत्रुदोत लोक एकमेकांवर पाणी आणि पीठ उडवत, सुगंधी पाणी भरलेले मेणाचे गोळे फेकत. पूर्वीच्या गोव्यातील इंत्रूजातही पीठ उधळण्याची हौस होती. धुळवड पाहिलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकात रिओच्या प्रशासनाने एंत्रुदोवर वारंवार बंदी घातली. प्रतिष्ठितांनी पॅरिस आणि व्हेनिसच्या धर्तीवर मुखवट्यांचे नृत्यसमारंभ आणि सजवलेल्या गाड्यांच्या मिरवणुका सुरू केल्या. रस्ता गरिबांकडे उरला आणि रस्त्यावर पोलीस उभे राहिले.

गोव्यातील वाट निराळी ठरली. मुक्तीनंतरच्या काळात मंदावलेल्या सणाला १९६५ साली पणजीत चित्ररथांच्या मिरवणुकीचे रूप मिळाले. संगीतकार तिमोतियो फर्नांडिस यांचा त्यात पुढाकार होता आणि रिओचा नमुना त्यांच्या डोळ्यांसमोर होता, असे सांगितले जाते. पुढे पर्यटनाच्या निमित्ताने सरकार या सणात उतरले आणि पणजी, मडगाव, वास्को, म्हापसा या शहरांच्या मिरवणुका हाच त्याचा मुख्य चेहरा बनला. ग्रीक पुराणातील थट्टेचा देव मोमुस याचा अवतार असलेला मोमो राजा रिओत १९३३ पासून आहे. तोही गोव्यात आला. मिरवणूक आली, राजा आला. मिरवणुकीमागची सांबा शाळा मात्र आली नाही.

मावश्यांच्या अंगणातून

ब्राझीलने गुलामगिरी १८८८ साली रद्द केली. अमेरिका खंडांत सर्वांत शेवटी. मुक्त झालेली आफ्रिकी वंशाची अनेक कुटुंबे बाहिया प्रांतातून रिओत आली आणि बंदराच्या परिसरात, 'प्रासा ऑन्झ' या चौकाच्या आसपास राहू लागली. या वस्तीचा आधार होत्या त्या 'तिया', म्हणजे मावश्या. त्या रस्त्यावर मिठाई विकत, घरी आफ्रिकी देवतांची पूजा करत आणि मागच्या अंगणात गाण्याबजावण्याला जागा देत. त्यांतील तिया सिआता यांचे घर सर्वाधिक गाजले. 'पेलो तेलेफोने' हे १९१६ साली नोंदवलेले आणि १९१७ च्या कार्निव्हलमध्ये लोकप्रिय झालेले गीत त्याच गोतावळ्यातून आले. सांबाच्या इतिहासात त्याचे स्थान अढळ आहे. त्या काळी सांबा वाजवणाऱ्याला भटका ठरवून पकडणे पोलिसांना सोपे होते. आज प्रत्येक सांबा शाळेच्या मिरवणुकीत घेरदार घागऱ्यांत गिरक्या घेणाऱ्या वडीलधाऱ्या स्त्रियांची तुकडी असावीच लागते. हा त्या मावश्यांना दिलेला मान आहे आणि तो नियमातच लिहिलेला आहे.

१९२८ साली एस्तासिओ या मोहल्ल्यात 'देइशा फालार' ही मंडळी स्थापन झाली. नावाचा अर्थ, 'बोलणाऱ्यांना बोलू दे'. संस्थापकांपैकी इस्माएल सिल्व्हा यांनी सांगितल्यानुसार जवळच शिक्षिकांना घडवणारे विद्यालय होते. तेथे शिक्षक तयार होतात, तर येथे सांबाचे शिक्षक तयार होतील, या विनोदी अभिमानातून 'सांबा शाळा' हे नाव आले. त्याच वर्षी 'मांगेइरा' या डोंगरवस्तीत आणखी एक शाळा उभी राहिली. मांगेइरा म्हणजे आंब्याचे झाड. आंबा ब्राझीलला नेला तो पोर्तुगीजांनीच आणि तो भारताकडचा. जगातील सर्वांत नामांकित सांबा शाळांपैकी एक शाळा आपल्या ओळखीच्या झाडाचे नाव मिरवते, हा योगायोग गोव्यातील वाचकाला सुखावणारा आहे.

१९३२ साली या शाळांची पहिली स्पर्धा भरवली ती एका क्रीडा वृत्तपत्राने. पत्रकार मारिओ फिल्यो यांच्या 'मुंदो एस्पोर्तिवो'ला फुटबॉलचा हंगाम नसताना पाने भरण्यासाठी विषय हवा होता, असे सांगतात. मांगेइराने ती स्पर्धा जिंकली. तीनच वर्षांनी, १९३५ साली, नगर प्रशासनाने स्पर्धेला अधिकृत मान्यता आणि अनुदान दिले. काल ज्यांच्यामागे पोलीस लागत होते, त्यांच्या हाती परवाना आला. अर्थात सौदा एकतर्फी नव्हता. गेतुलियो व्हार्गास यांच्या राजवटीत शाळांनी राष्ट्रगौरवाचे विषय मांडावेत, अशी अपेक्षा रुजली आणि अनेक वर्षे टिकली. राज्यसत्तेने रस्ता दिला, पण त्यावरून काय न्यायचे यातही लक्ष घातले. या देवघेवीतच रिओच्या कार्निव्हलची पुढची नव्वद वर्षे गेली आहेत.

चार दिवसांमागचे वर्ष

सांबा शाळेचे वर्ष कार्निव्हल संपताच सुरू होते. आधी 'कार्नावालेस्को', म्हणजे मिरवणुकीची संपूर्ण कल्पना रचणारा कलावंत, ठरतो. मग विषय जाहीर होतो आणि त्याचे टिपण शाळेच्या गीतकारांना दिले जाते. त्यावर गीतकारांचे गट गाणी रचतात. शाळेच्या आवारात रात्रीमागून रात्र त्यांची चुरस रंगते. एकेक गाणे बाद होत अखेर एक उरते. तेच त्या वर्षीचे वस्तीचे गाणे. पुढे काही महिने आठवड्याच्या आठवड्याला तालमी होतात. मिरवणुकीत दोन-तीन हजार माणसांनी एका सुरात गायचे असते आणि कोणत्याही तुकडीने गाणे सोडले तर गुण कापले जातात.

दुसरीकडे बंदर भागातील 'सांबा नगरी' या कार्यशाळांच्या संकुलात वेल्डर, सुतार, शिल्पकार आणि शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया राबत असतात. हलणारी प्रचंड शिल्पे बनवण्यासाठी अॅमेझॉनकाठच्या पारिंतिन्स गावचे कारागीर मुद्दाम येतात, कारण बैलाच्या लोककथेवरील तेथील उत्सवाने त्यांना ही विद्या दिली आहे. परीक्षण नऊ निकषांवर होते : तालवाद्यवृंद, गीत, गायन-वादनाचा मेळ, चालीची लय, विषयाची मांडणी, चित्ररथ, वेश, अग्रभागीची तुकडी आणि ध्वजवाहक जोडी. ध्वज घेऊन नाचणारी स्त्री आणि तिची पाठराखण करणारा नर्तक यांच्या एका चुकीच्या पावलाने वर्षाची मेहनत वाया जाऊ शकते. मिरवणुकीची वेळ मिनिटांत बांधलेली असते. विलंबालाही दंड आहे आणि घाईलाही.

ही वीण किती घट्ट आहे, ते फेब्रुवारी २०११ मध्ये दिसले. कार्निव्हल अवघ्या महिन्यावर आला असताना सांबा नगरीला आग लागली आणि पोर्तेला, उनियाओ दा इल्या आणि ग्रांदे रिओ या तीन शाळांचे वेश व चित्ररथ भस्मसात झाले. शाळांच्या संघटनेने त्या तिघींचे गुणांकन न करण्याचे आणि त्या वर्षी कुणालाही खालच्या श्रेणीत न पाठवण्याचे ठरवले. तिन्ही शाळा हाती लागेल त्यातून पुन्हा उभ्या राहून रस्त्यावर आल्या. कंत्राट देऊन बनवलेला चित्ररथ जळाला असता, तर नुकसानभरपाईची कागदपत्रे निघाली असती. येथे लोक निघाले.

पैसा कुठून येतो?

तथापि रिओच्या व्यवस्थेला देव्हाऱ्यात बसवण्याचे कारण नाही. तिच्या पायाशी असलेला पैसा दीर्घकाळ काळा होता. 'जोगो दो बिशो' हा प्राण्यांच्या नावांवर आकडे लावण्याचा जुगार १८९२ साली एका प्राणिसंग्रहालयाच्या प्रवेशतिकिटावरील सोडतीतून निघाला आणि बेकायदा असूनही देशभर पसरला. आपल्याकडील मटक्याचाच तो भाऊबंद. या जुगाराचे मालक सांबा शाळांचे आश्रयदाते बनले. शाळांना भव्यता मिळाली, त्यांना समाजात मान मिळाला. १९८४ साली अव्वल शाळांची 'लिएझा' ही संघटना स्थापन झाली, तेव्हा तिच्या सूत्रधारांतही हीच मंडळी होती. १९९३ साली न्यायाधीश देनीझ फ्रोसार्द यांनी या जुगारातील चौदा म्होरक्यांना शिक्षा सुनावली, तेव्हा कार्निव्हलचे यजमानच गजाआड गेल्याचे दृश्य देशाने पाहिले.

त्याच १९८४ साली सांबाड्रोम उभे राहिले. त्याआधी दरवर्षी तात्पुरते सज्जे उभारायचे आणि मोडायचे, असा प्रकार होता. गव्हर्नर लिओनेल ब्रिझोला आणि त्यांचे सहकारी दार्सी रिबेइरो यांनी ख्यातनाम वास्तुरचनाकार ऑस्कर नीमायर यांच्याकडून सुमारे सातशे मीटर लांबीचा कायमचा मिरवणूकमार्ग बांधून घेतला. वर्षातले उरलेले दिवस ती वास्तू रिकामी राहू नये म्हणून सज्जांखाली शाळेचे वर्ग योजले गेले. मिरवणुकीला घर मिळाले. पण तिकीटही लागले. ज्या वस्त्यांतून मिरवणूक निघते, तेथील अनेकांना ऐन रात्री सज्जातील जागा परवडत नाही. म्हणून कार्निव्हलच्या आधीच्या आठवड्यांत त्याच मार्गावर होणाऱ्या विनामूल्य तालमींना त्यांची गर्दी लोटते. एकीकडे परदेशी पर्यटक वेश विकत घेऊन एखाद्या तुकडीत सामील होऊ शकतो. दुसरीकडे वस्तीतील तुकड्यांना शाळा स्वतः वेश पुरवते, कारण गुण मिळवून देतात ते गाणे पाठ असलेले लोक. पैसा आणि माणसे यांचा तोल असा रोजच्या रोज सांभाळावा लागतो.

हा तोल कधी ढळतोही. २०१५ साली बेजा-फ्लोर शाळेने इक्वेटोरियल गिनी या आफ्रिकी देशावर विषय सादर करून विजेतेपद मिळवले. दीर्घकाळ हुकूमशाही असलेल्या त्या देशातून पैसा आल्याच्या वृत्तांनी मोठा गदारोळ उठला. याउलट २०१७ साली रिओचे तत्कालीन महापौर मार्सेलो क्रिव्हेला यांनी शाळांचे अनुदान निम्म्यावर आणण्याची घोषणा केली. पाळणाघरांना पैसा हवा, हा त्यांचा युक्तिवाद होता. ते इव्हँजेलिकल पंथाचे बिशप असल्याने त्यामागे धार्मिक नावड आहे, हा विरोधकांचा. पुढच्याच कार्निव्हलमध्ये मांगेइराने, पैसा असो वा नसो आम्ही खेळणारच, याच आशयाचा विषय घेऊन रस्त्यावरून उत्तर दिले. २०२५ पासून अव्वल गटातील बारा शाळांची स्पर्धा दोनऐवजी तीन रात्रींत विभागली गेली. रोज चार शाळा. मिरवणूक पहाटेपर्यंत रेंगाळत नाही, हा त्याचा लाभ. तिकिटांची आणि प्रक्षेपणाची आणखी एक रात्र मिळते, हा त्यामागचा व्यवहार. मात्र असा निर्णय घेताना शाळांची स्वतःची संघटना निर्णयाच्या जागी बसलेली असते, हा मुद्दा विसरता येणार नाही.

आणि म्हणूनच ही मिरवणूक सत्तेला प्रश्न विचारू शकते. १९८९ साली कार्नावालेस्को जोआओझिन्यो त्रिंता यांनी बेजा-फ्लोरच्या मिरवणुकीत भिकाऱ्याच्या रूपातील येशूची भव्य मूर्ती आणायचे ठरवले. चर्चच्या हरकतीवरून न्यायालयाने तिला मनाई केली, तेव्हा काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली मूर्तीच मार्गावरून नेण्यात आली. ते झाकलेपण उघड्या मूर्तीपेक्षा अधिक बोलके ठरले. २०१८ साली 'पाराइझो दो तुइउती' या तुलनेने लहान शाळेने गुलामगिरी खरोखर संपली का, असा विषय मांडला आणि राष्ट्राध्यक्षांचा पट्टा ल्यालेला रक्तपिपासू रस्त्यावर आणून दुसरा क्रमांक पटकावला. २०१९ साली मांगेइराने पाठ्यपुस्तकांत नसलेल्या कृष्णवर्णीय आणि मूलनिवासी वीरांचा इतिहास गायला, आदल्या वर्षी हत्या झालेल्या नगरसेविका मारिएल फ्रांको यांचे स्मरण केले आणि विजेतेपद घेतले. अनुदान घेणाऱ्या संस्था अनुदान देणाऱ्यांवर टीका करतात, कारण त्या केवळ अनुदानावर उभ्या नाहीत.

दोरीच्या आत आणि बाहेर

ब्राझीलमध्येच याहून वेगळे चित्र साल्वादोर शहरात दिसते. १९५० साली दोदो आणि ओझ्मार या दोघा मित्रांनी जुन्या मोटारीवर ध्वनिवर्धक चढवून वाजवत फेरी काढली. त्यातून आजचे प्रचंड 'त्रिओ एलेत्रिको' ट्रक जन्मले. ट्रकावर नामवंत गायक आणि मागे नाचणारा जमाव. कालांतराने त्या जमावाभोवती दोरी आली. विशिष्ट सदरा विकत घेतलेले दोरीच्या आत, बाकीचे बाहेर. बाहेरच्यांना 'पिपोका' म्हणजे लाह्या म्हणतात, कारण ते जागा मिळेल तिथे फुटतात आणि उडतात. दोरी धरून चालणारे रोजंदारीवरचे मजूर बहुतांशी कृष्णवर्णीय आणि आत नाचणारे बहुतांशी सधन, हे दृश्य तेथील समाजाने वर्षानुवर्षे पाहिले आहे. काही पथकांत कृष्णवर्णीयांना स्थान नव्हते, म्हणून १९७४ साली 'इले आये' हे त्यांचे स्वतःचे पथक उभे राहिले. पुढच्या वर्षी ते प्रथम रस्त्यावर आले, तेव्हा एका स्थानिक वृत्तपत्राने वंशवादाचा ठपका त्यांच्यावरच ठेवला. आज तेच पथक शहराचे भूषण मानले जाते आणि अलीकडच्या वर्षांत दोरीविना निघणाऱ्या ट्रकांची संख्याही वाढली आहे.

याच देशातील रेसिफे शहरात १९७८ साली स्थापन झालेले 'गालो दा माद्रुगादा' हे पथक शनिवारी सकाळी निघते. अफाट गर्दी त्याच्यामागे चालते आणि त्यासाठी कुणाला सदरा विकत घ्यावा लागत नाही. सण एकच, देश एकच. पण रस्त्यावर दोरी आहे की नाही, यावर त्याचा स्वभाव बदलतो.

मोंतेव्हिदेओचे गाणे, ओरुरोचा नवस

उरुग्वेची राजधानी मोंतेव्हिदेओ येथील कार्निव्हल जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या आरंभापर्यंत, सुमारे चाळीस दिवस चालतो. त्याचा प्राण आहे 'मुर्गा'. रंगवलेल्या चेहऱ्यांचे, दीड डझनाच्या आसपासचे गायक-नट वर्षभरातील राजकारण आणि महागाई यांवर समूहगीतांतून कोपरखळ्या मारतात. मोहल्ल्यामोहल्ल्यातील 'ताब्लादो' या रंगमंचांवर ते एका रात्रीत अनेक प्रयोग करतात. तियात्रातील राजकीय कांतारां ऐकणाऱ्या गोमंतकीयाला हा प्रकार लगेच ओळखीचा वाटेल. १९७३ ते १९८५ या लष्करी राजवटीत मुर्गांना आपली संहिता आधी तपासणीसाठी द्यावी लागे. शब्द कापले जात. मग गायक रूपकांत बोलू लागले आणि प्रेक्षक न बोललेले ऐकू लागले.

त्याच राजवटीने १९७८ च्या डिसेंबरमध्ये 'मेदिओ मुंदो' ही आफ्रिकी वंशाच्या कुटुंबांची प्रसिद्ध चाळ रिकामी करवली. ३ डिसेंबरला रहिवाशांनी तेथे अखेरचे ढोल वाजवले. तोच दिवस आता उरुग्वेत कांदोंबे या ढोलवादनाचा राष्ट्रीय दिवस म्हणून पाळला जातो आणि २००९ साली युनेस्कोने कांदोंबेला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिले. चाळ पडली, ढोल उरले. कारण वाजवणारे एकमेकांना धरून होते.

बोलिव्हियातील ओरुरो हे खाणकामगारांचे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,७०० मीटर उंचीवर आहे. तेथील कार्निव्हल हा मुळात नवस आहे. भुयाराच्या मुखाशी असलेल्या सोकाव्होन मातेच्या चरणी नाचत जाण्याचा संकल्प नर्तक तीन वर्षांसाठी करतात. खाणीच्या पोटात राज्य करणाऱ्या 'तिओ' या सैतानाची रूपे घेऊन ते 'दियाब्लादा' नाचतात आणि शेवटी मातेसमोर मुखवटा उतरवतात. सुमारे चार किलोमीटरची ही मिरवणूक वीस तास चालते. युनेस्कोच्या नोंदीनुसार तीत २८ हजारांहून अधिक नर्तक आणि सुमारे १० हजार वादक असतात. २००१ साली युनेस्कोने तिचा गौरव केला. पण प्रतिष्ठेबरोबर मालकीचा तंटाही आला. २००९ साली विश्वसुंदरी स्पर्धेत पेरूच्या स्पर्धकाने दियाब्लादाचा वेश घातला, तेव्हा बोलिव्हिया सरकारने अधिकृत निषेध नोंदवला. नाच सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना नाचला जातो. त्यावरचा हक्क सांगण्याची वेळ मात्र तो जगाच्या बाजारात किमती ठरल्यावर आली. शिवाय वेशांचा खर्च नर्तकांनी स्वतः उचलायचा असल्याने खाणकामगारांच्या नाचात खाणकामगारालाच सामील होणे जड जाते, ही खंत तेथेही आहे.

गोव्याने कोणता प्रश्न विचारावा?

या सर्व उदाहरणांत निर्मळ असे एकही नाही. रिओत जुगाराचा पैसा आहे, साल्वादोरमध्ये दोरी आहे, ओरुरोत महागडे वेश आहेत. तरीही तेथील कार्निव्हल टिकला, वाढला आणि आपल्या समाजाशी बोलत राहिला. कारण प्रत्येक ठिकाणी मिरवणुकीमागे लोकांची स्वतःची, बारमाही जिवंत असलेली संस्था आहे. सरकार, प्रायोजक आणि दूरचित्रवाणी त्या संस्थेपर्यंत चालत आले. संस्था त्यांनी जन्माला घातली नाही.

गोव्यात क्रम काहीसा उलटा लागला. आधी मिरवणूक ठरली, मग तिच्यासाठी चित्ररथ तयार होऊ लागले. बक्षिसांच्या आशेने अनेक क्लब आणि हौशी मंडळी मन लावून काम करतात, त्यांचे कौतुक व्हायलाच हवे. पण जाहिरातीचे चित्ररथ, अनुदानाची रक्कम, मिरवणुकीचा मार्ग आणि वाहतुकीची कोंडी याच विषयांवर दरवर्षी चर्चा संपते. दीड कोटी नव्हे, दीड लाखही नव्हे, तर सुमारे १५ लाख लोकसंख्येच्या राज्याने साठ लाखांहून मोठ्या शहराशी भव्यतेत स्पर्धा करण्याचे कारण नाही. भव्यता अनुकरणाने येत नाही आणि आली तरी ती परवडत नाही.

अनुकरण करायचेच, तर ते संस्थेचे करता येईल, आणि तिचे बीज गोव्यात नाही असे कुणी म्हणू नये. सासष्टीतील गावांत अंगणाअंगणांतून सादर होणारे 'खेळ' हा मुर्गाचाच दूरचा सोयरा आहे. त्यांना वाव मिळाला तर इंत्रूजाला पुन्हा जीभ फुटेल. चांदर गावचा मुसळ खेळ कार्निव्हलच्याच दिवसांत होतो आणि त्याला प्रायोजकाची नव्हे, तर गावाच्या परंपरेची शिस्त आहे. शिमगोत्सवातील रोमटामेळ तर सांबा शाळेच्या सर्वाधिक जवळचे. गावाचे नाव, स्वतःचा ध्वज, पिढ्यांकडून आलेला ताल आणि शेकडो माणसांची एकत्र चाल हे सारे तेथे आहे. मात्र शिमग्याच्या मिरवणुकीतही चित्ररथांचा डामडौल वाढत चालल्याचे दिसते. कार्निव्हलला लागू होणारा प्रश्न शिमग्यालाही तितकाच लागू आहे.

त्यासाठी प्रचंड निधी लागत नाही. निधीची दिशा बदलावी लागते. रकमेचा काही भाग मिरवणुकीच्या दिवसाऐवजी तालमीच्या महिन्यांसाठी दिला, तर गावातील पथकाला ढोल दुरुस्त करता येतील, मुलांना शिकवता येईल आणि लेखकाला नवा खेळ लिहिता येईल. परीक्षणाचे निकष आधी जाहीर झाले आणि गुण सर्वांसमोर वाचले गेले, तर बक्षिसाभोवतीचा संशय कमी होईल. मार्ग, वेळ आणि नियम ठरवणाऱ्या समितीत पथकांचे प्रतिनिधी असतील, तर सण कुणाचा हा वाद निम्मा तिथेच मिटेल. यांपैकी एकही गोष्ट रिओकडून विकत आणावी लागणार नाही.

राखेच्या बुधवारी रिओतील गुणवाचन संपते आणि हरलेल्या शाळेच्या आवारातही काही दिवसांतच पुढच्या विषयाची चर्चा सुरू होते. गोव्यात त्याच सुमारास गावोगावच्या मांडांवर शिमग्याचे ढोल काढले जातात. ते ढोल कुणी जपले, कुणी शिकवले आणि त्यावर किती खर्च झाला, याची नोंद चित्ररथांच्या अनुदानाशेजारी मांडली गेली, तर गोव्याच्या सणांचा खरा हिशेब प्रथमच समोर येईल.